पाचवे काडतूस

२०२४ च्या मार्च महिन्यात माझ्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढण्यात आला. पट्टी सुटल्यावर डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरे वाचून घेतली, समाधानाने मान डोलावली आणि सहज विचारले, "आता या डोळ्याने काय काय पाहायचा विचार आहे?" सदुसष्टाव्या वर्षी असा प्रश्न कोणी केला म्हणजे गृहस्थाने नातवंडांची, तीर्थयात्रेची, निदान वर्तमानपत्राची गोष्ट काढावी असा शिष्टसंकेत आहे. माझ्या तोंडून मात्र निघून गेले, "रिव्हॉल्व्हरची माशी." डॉक्टर क्षणभर स्तब्ध झाले. सौ. शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिने डॉक्टरांकडे पाहिले नाही, माझ्याकडेही पाहिले नाही. रुमाल काढून आपला चष्मा पुसावयास घेतला. पस्तीस वर्षांत आमच्या घरात या वस्तूचे नाव कोणी उच्चारले नव्हते.

वाचकांपैकी बहुतेकांचा या विषयाशी संबंध आला नसेल, म्हणून आधी थोडे सांगावयास हवे. नळीच्या टोकाशी धातूची जी लहानशी उभी पट्टी असते तिला माशी म्हणतात. डोळ्याजवळच्या बाजूस एक खाच असते. खाचेच्या बरोबर मध्ये माशी उभी राहिली, दोहोंचे माथे एका रेषेत आले आणि तशा स्थितीत चाप ओढला गेला, की नेम साधतो. नेमबाजी म्हणून काही आहे ती एवढीच. बाकी सगळे या एवढ्याशा गोष्टीत येणारे अडथळे.

माझ्या वडिलांनी हे रिव्हॉल्व्हर घेतले १९५६ साली, म्हणजे आमचा मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन झाला त्याच वर्षी. ते वनखात्यात होते. जंगलातील मुक्काम, मजुरीची रक्कम बरोबर, आणि दिवस फारसे निर्धास्त नव्हते. महूच्या छावणीतून मायदेशी गेलेल्या कोणा इंग्रज अधिकाऱ्याचे हे हत्यार इंदूरच्या एका दुकानात येऊन पडले होते. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे, ०.३२ बोराचे. वेब्लीची ०.४५५ आणि ०.३८ बोराची लष्करी रिव्हॉल्व्हरे अधिक प्रसिद्ध आहेत. परंतु लष्करी काडतुसांची ती हत्यारे आपल्याकडे निषिद्ध बोरात मोडतात, आणि सामान्य परवानाधारकाच्या वाट्यास त्यांचे हे धाकटे भावंड येते. वडिलांनी ते जंगलात कधी कोणावर चालवले नाही. एकदा एका रानडुकराला भिववण्यासाठी आकाशात बार काढला होता, आणि ती हकीकत आम्ही त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली, की शेवटी शेवटी डुकरे तीन झाली होती.

या जातीच्या रिव्हॉल्व्हरची एक खुबी आहे, आणि पुढील सारी हकीकत तिच्यावरच अवलंबून असल्यामुळे ती नीट सांगतो. इतर बहुतेक रिव्हॉल्व्हरांत काडतुसांचे चक्र बाजूला निघते. वेब्लीला बिजागरी आहे. अंगठ्याने मागची खीळ दाबली, की नळी आणि चक्र मिळून सारा पुढचा भाग अडकित्त्यासारखा खाली झुकतो. त्याबरोबर चक्राच्या मध्यातून एक चांदणी वर येते आणि सहाच्या सहा घरांतील पुंगळ्या एकदम बाहेर उचलून टाकते. उघडलेले वेब्ली हातात धरले म्हणजे समोरच्या माणसालाही सहा घरांतून पलीकडचे दिसते. त्यात लपवाछपवीला जागा नाही. वडिलांचा दंडक असा, की हे हत्यार एका हातातून दुसऱ्या हातात जायचे ते उघडूनच. घेणाऱ्याने सहाही घरे पाहायची आणि तोंडाने म्हणायचे, "रिकामे आहे." आम्हा भावंडांत हा एक खेळच होऊन बसला होता. आई पोळपाट देऊ लागली तरी आम्ही म्हणायचो, "रिकामे आहे."

कॉलेजात असताना मी या शस्त्राने कागदावर नेम धरावयास शिकलो. त्या काळी नेमबाजी हा संस्थानिकांचा आणि लष्करातील अधिकाऱ्यांचा शौक समजला जाई, आणि रायफल क्लबात मराठी कारकुनाचा मुलगा दिसला की लोक नाव विचारीत. या खेळाची देशातील मुख्य संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन, १९५१ साली स्थापन झाली. तिचे संस्थापक-अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर: जन्म बडोद्याचा, कर्मभूमी अहमदाबाद, म्हणजे आपल्यासारखाच महाराष्ट्राबाहेर रुजलेला मराठी माणूस. त्यांच्या नावाने मावळंकर स्पर्धा भरत आल्या आहेत, आणि देशातील पुष्कळ नेमबाजांनी पहिली पायरी तेथे चढली. हे मला ठाऊक झाल्यापासून नाव विचारणाऱ्यांस मी आडनाव जरा मोठ्याने सांगू लागलो.

१९७८ ते १९८९ अशी अकरा वर्षे मी नियमाने नेमबाजी केली. आमचा प्रकार २५ मीटरचा, सेंटर फायर पिस्तुलाचा. त्यात साठ गोळ्या असतात. पहिल्या तीस सावकाश, पाच मिनिटांत पाच. पुढच्या तीस झपाट्याच्या: लक्ष्य तीन सेकंद समोर येते, सात सेकंद तोंड फिरवते, आणि त्या तीन सेकंदांत हात वर नेऊन एकच गोळी सोडायची. हिरोशिमाच्या १९९४ च्या आशियाई स्पर्धांत जसपाल राणाने सुवर्णपदक मिळविले ते याच प्रकारात. २००६ साली दोहा येथे त्याने सहाशेपैकी ५९० गुण घेऊन विश्वविक्रमाशी बरोबरी केली. अर्थात त्याच्या हातात खास स्पर्धेचे पिस्तूल होते. वेब्लीची माशी पक्की बसवलेली. ती सरकत नाही, उचलत नाही. माझे हत्यार थोडे डावीकडे मारते, म्हणून मी थोडा उजवीकडे नेम धरीत असे. पहिल्या तीस गोळ्यांत माझी सर्वोत्तम कामगिरी तीनशेपैकी २६४. जिल्ह्यात नाव व्हावे इतकी, आणि त्यापुढे कोणी ओळखू नये इतकी.

आता १९८९ चा तो रविवार. जुलै महिना होता. सावकाश गोळ्यांची शेवटची मालिका चालू असताना पाऊस कोसळला. छपराखाली पाणी येऊ लागले, धावपळ झाली, आणि सारे जण आपापले सामान उचलून निघाले. मालिका पाच गोळ्यांची असते, म्हणून चक्राच्या सहा घरांपैकी पाचांत काडतुसे घालावयाची असतात. माझ्या मनाने हिशेब केला, की पाचही झाल्या. रिकाम्या पुंगळ्या घरी जाऊन काढू, आता ओले व्हायला नको, असे म्हणून मी रिव्हॉल्व्हर न उघडता पेटीत ठेवले. त्या वेळी मला कोणी हटकले नाही. पण हटकण्याची वेळच येऊ नये, हे अकरा वर्षे हा खेळ खेळलेल्या माणसास सांगावे लागते काय?

घरी आलो, साफसफाईसाठी टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरले, तेल, चिंध्या, ब्रश मांडले, पेटी उघडून रिव्हॉल्व्हर बाहेर काढले. इतक्यात दारावर कोणी आले. वर्गणीची पावती फाडायला आलेले शेजारी. बोलणे दोन मिनिटांचे होते. परतलो तो आमचे चिरंजीव, वय वर्षे पाच, खुर्चीवर उभे राहून दोन्ही हातांनी ते धरून होते. समोरच्या दारातून त्यांची आई तांदळाचे ताट घेऊन येत होती. दोन्ही हातांची बोटे चापावर होती आणि चेहरा ताकद लावून लाल झाला होता.

घोडा आधी मागे न ओढता नुसत्या चापाने हे हत्यार चालवायचे, तर बोटावर कित्येक किलोंचा जोर यावा लागतो. पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांत तो नव्हता. याखेरीज दुसरे काहीही मध्ये आले नाही.

मी ते त्याच्या हातातून घेतले. घेताना म्हणालोही, "अगं, रिकामं आहे." आणि तिला दाखवण्यासाठी, तिच्यासमोर, खीळ दाबून ते उघडले. चांदणी वर आली. वर्तमानपत्रावर पाच नग पडले. चार पुंगळ्या; त्यांच्या बुडाच्या टोपीवर घोड्याच्या टोचणीचे खळगे. पाचवे काडतूस अखंड होते. त्याच्या टोपीवर ओरखडासुद्धा नव्हता.

सौभाग्यवती त्या दिवशी ओरडली नाही, रडली नाही. तिने ताट खाली ठेवले, मुलाला उचलले आणि माजघरात गेली. रात्री एवढेच म्हणाली, "अहो, तुम्ही मोजलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी मी रिव्हॉल्व्हर परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून पावती घेतली.

कायद्याने अशी सोय आहे. परवाना चालू ठेवावा, शस्त्र दुकानी राहू द्यावे, वर्षाचे भाडे भरीत जावे. वडील नुकतेच गेलेले होते, त्यांची वस्तू विकावयास मन होईना. घरात आणण्याचा तर प्रश्नच नव्हता. दर तीन वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण होई. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ही मुदत पाच वर्षांची झाली. निवडणूक जाहीर झाली की साऱ्या परवानाधारकांना आपापली हत्यारे जमा करण्याची घाई होते. ठाण्यासमोर मंडळी बंदुका घेऊन रांगेत उभी राहत, आणि मी त्यांच्यासमोरून भाजीची पिशवी घेऊन जात असे. माझे आधीच जमा होते.

लोक विचारीत, सोडले का? मी नोकरी, बदली, पाठदुखी अशी कारणे सांगत असे. खरे कारण आज प्रथमच कागदावर उतरत आहे.

डॉक्टरांच्या खोलीतून घरी येताना सौ. रिक्षात बोलली. "परवाना पुढल्या वर्षी संपतोय ना?" पस्तीस वर्षे ती तारीख तिने लक्षात ठेवली होती, हे मला तेव्हा कळले. मी म्हणालो, "हो. या खेपेस सरकारजमाच करून टाकावं म्हणतो." त्यावर ती थोडा वेळ बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "करा. पण एकदा नीट चालवून, नीट उघडून, मग करा. ते तसं अर्धवट राहिलंय."

लोकसभेची निवडणूक उरकली, दुकानदाराच्या मागची गर्दी ओसरली, आणि जून महिन्यात मी पावती घेऊन गेलो. मेणकापड उलगडले तेव्हा ते मला आठवणीपेक्षा लहान वाटले. दुकानातील वृद्ध मिस्त्रीने खीळ दाबून ते उघडले, दिव्यासमोर धरून नळीतून पाहिले आणि म्हणाला, "साहब, ज़ंग बाहर है, अंदर नहीं। किसी ने तेल देकर रखा था।" तेल मीच दिले होते, त्या सोमवारी. मग त्याने घोडा चढवून चक्र हलवून पाहिले. जुन्या रिव्हॉल्व्हरात पाहायच्या गोष्टी थोड्या पण गंभीर आहेत. घोडा पडताना चक्रातील घर आणि नळी तंतोतंत समोरासमोर यावयास हवी. अन्यथा गोळीचा काठ खरवडला जाऊन धातूचे कण बाजूला उडतात. बिजागरी आणि खीळ घट्ट हवी, कारण उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचे वार्धक्य तेथेच आधी दिसते. घोड्याची कमान थकली असेल तर टोपीवर पुरेसा आघात होत नाही. माझ्या हत्याराची कमान बदलावी लागली. बाकी, मिस्त्रीच्या शब्दांत, मालकापेक्षा बरे होते.

या दुरुस्तीला पावसाळा लागला. त्याच जुलैत, २०२४ सालच्या, सीमा सुरक्षा दलाच्या रेवती रेंजच्या टेकड्यांवर एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपे लावली गेली आणि देशभर इंदूरचे नाव झाले. आमच्या गल्लीतील मंडळीही कुदळी घेऊन गेली होती. रेंज म्हणजे काय, हा प्रश्न त्यांतल्या कित्येकांना त्या दिवशी प्रथम पडला असावा.

तोवर मी चष्म्याच्या दुकानात एक वेगळीच लढाई लढत होतो. मोतीबिंदू काढून बसवलेले भिंग दूरचे स्पष्ट दाखवते. त्यामुळे २५ मीटरवरचे लक्ष्य मला विशीतल्यासारखे लख्ख दिसू लागले, आणि हाताच्या टोकाशी असलेली माशी धुरकट झाली. अनभिज्ञास वाटेल, लक्ष्य दिसले म्हणजे झाले. प्रत्यक्षात उलटे आहे. माझ्या रिव्हॉल्व्हरची खाच आणि माशी यांत साधारण १५ सेंटिमीटर अंतर. माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर ढळली, तर २५ मीटरवर गोळी १६-१७ सेंटिमीटर ढळते. त्या कागदावर दहाचे वर्तुळ अवघे ५ सेंटिमीटर रुंद. एवढ्या ढळण्याने दहाची गोळी चारच्या वर्तुळात जाते. याउलट माशी आणि खाच जुळलेली ठेवून सगळा हातच एक सेंटिमीटर बाजूला सरकला, तर गोळीही एक सेंटिमीटरच सरकते. म्हणून हात थरथरला तरी चालते, लक्ष्य पुसट दिसले तरी चालते. माशी मात्र रेखीव दिसली पाहिजे. चष्मेवाल्याने विचारले, "वाचायचा करू की लांबचा?" मी म्हणालो, "यांपैकी कोणताच नको. माझ्या हाताच्या टोकाचा करा." त्याने दूरच्या नंबरात पाऊणची भर घालून एका डोळ्यापुरता चष्मा बनवून दिला. तो लावून रस्त्यावर चालता येत नाही, पुस्तकही वाचता येत नाही. आपल्याच पसरलेल्या हाताचे टोक तेवढे त्यातून छान दिसते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी रेंजवर उभा राहिलो. आता तेथे पालकांच्या गाड्यांची रांग असते. दहा-बारा वर्षांची मुले हवेची पिस्तुले घेऊन येतात, भोपाळजवळच्या शासकीय अकादमीत निवड व्हावी म्हणून खटपट करतात. आमच्या खरगोन जिल्ह्यातील ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर त्याच वाटेने ऑलिंपिकपर्यंत गेला, हे प्रत्येकास पाठ आहे. मराठी घरांत कोल्हापूरचे दाखले दिले जातात: तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ मध्ये पॅरिसचे कांस्यपदक आणणारा स्वप्नील कुसळे. नाव विचारणारे आता कोणी उरले नाही.

काडतुसांची नवी पेटी घेतली होती. त्यांच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरे असतात. के म्हणजे किरकी, अर्थात पुण्याची खडकी. माझ्या तरुणपणीही तीच अक्षरे होती. कारखाना २०२१ पासून नव्या सरकारी कंपनीत गेला, पण अक्षरे टिकून आहेत. पुण्यात माझे कोणी नसताना खडकीशी एवढा ऋणानुबंध जुळावा याचे तेव्हा हसू येई. आता चिरंजीव पुण्यातच नोकरीला आहेत.

पहिल्या पाच गोळ्यांपैकी दोनच कागदावर लागल्या. दुसऱ्या मालिकेत एक. हात थरथरत होता, पण दोष थरथरण्याचा नव्हता. छिद्रे खाली आणि डावीकडे पडत होती. रेंजवर मुलांना शिकवणारी एक विशी-बाविशीची मुलगी आहे. ती बराच वेळ माझ्या मागे उभी होती. शेवटी म्हणाली, "अंकल, मैं भर के दूँ?" तिने माझ्याकडून चार काडतुसे आणि दोन रिकाम्या पुंगळ्या घेतल्या, माझ्याकडे पाठ करून त्या घरांत मिसळून घातल्या, चक्र फिरवले आणि बंद केलेले रिव्हॉल्व्हर लक्ष्याच्या दिशेने माझ्या हाती दिले. कोणत्या घरात काय आहे हे मला ठाऊक नव्हते. पहिला बार उडाला. दुसऱ्या वेळी घोडा नुसताच टक् करून पडला. धक्का नव्हता, आवाज नव्हता, आणि तरी माझा हात चांगला चार बोटे खाली गेला. जो स्फोट झालाच नाही, त्याच्यापासून मी अंग चोरले होते. "देखा?" ती म्हणाली. "गोली थी नहीं, और आप डर भी गए।"

ही परीक्षा मी तरुणपणीही दिली होती आणि तेव्हा हात जागचा हलत नसे. त्या वेळी प्रत्येक घरात काय आहे ते आपल्याला ठाऊकच आहे, अशी माझी समजूत होती.

पुढचे पाच आठवडे मी दुसरे काही केले नाही. घरी नव्हे, रेंजवरच. पांढऱ्या कोऱ्या भिंतीसमोर उभे राहायचे, पुंगळ्या घातलेल्या घरांवर घोडा पाडायचा आणि माशी हलली का ते पाहायचे. पुंगळ्या अशासाठी, की पूर्ण रिकाम्या घरावर वारंवार घोडा पाडला तर त्याची टोचणी झिजते. घोडा अंगठ्याने चढवावा, अर्धा श्वास सोडावा, आणि चाप इतका सावकाश दाबावा की घोडा केव्हा पडेल ते आपल्यालाच कळू नये. ओढणे आपले, सुटणे त्याचे. दहा वेळा केले की हात भरून येई. हत्यार एक किलोपेक्षा हलके, पण हात लांब करून अर्धा मिनिट धरून पाहा. मधूनमधून ती मुलगी येऊन जिवंत काडतुसे मिसळून जाई.

अशा वेळी माणसाला थोरांची उदाहरणे आठवतात, आणि त्यांनी काही उपयोग होत नाही. हंगेरीचा कारोली ताकाच हा लष्करातील नेमबाज. १९३८ साली हातबॉम्बने त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने गुपचूप डाव्या हाताने सराव केला आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकांत झपाट्याच्या पिस्तुलाचे सुवर्णपदक घेतले. राही सरनोबत कोपराच्या दुखापतीनंतर परतली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धांत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकली. त्यांची इजा हाताला होती. माझा हात धड होता. इजा अकराव्या वर्षाच्या एका रविवारी वर्तमानपत्रावर पडली होती. दर वेळी घोडा पडायच्या आधी मला तांदळाचे ताट दिसे.

ते दिसायचे बंद झाले असे मी म्हणणार नाही. पण हळूहळू एक सवय लागली. मालिका संपली, की उघडायचे, पुंगळ्या तळहातावर घ्यायच्या आणि मोठ्याने मोजायच्या. एक, दोन, तीन, चार, पाच. शेजारची मुले प्रथम हसली. मग त्यांतला एक पोरगा आपले हवेचे पिस्तूल ठेवताना तसेच काही पुटपुटू लागला. दिवाळीच्या आधीच्या रविवारी माझ्या पाच गोळ्यांचे ४१ गुण झाले. पन्नासपैकी. जुन्या काळी मी हा कागद फाडून टाकला असता.

दिवाळीला चिरंजीव आले. वय चाळीस, कपाळ रुंद होत चाललेले. त्या दिवसाचे त्यांना काही आठवत नाही असे ते नेहमी म्हणत आले. परवान्याचा विषय मीच काढला. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केली किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, यांतले जे आधी घडेल त्यानंतर ते आपल्या वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. पंचवीस वर्षे केव्हाच उलटली. "सरकारजमा करायचं की तुझ्या नावे, ते तू सांग," मी म्हणालो. "तुझी इच्छा नसेल तर मला वाईट वाटणार नाही." हे वाक्य खरे नव्हते, पण बोलणे आवश्यक होते.

तो म्हणाला, "आधी बघू तरी."

रेंजवरून दुकानात परत देण्यासाठी रिव्हॉल्व्हर त्या दिवशी माझ्याजवळ होते. सणामुळे दुकान दोन दिवस बंद असल्याने पस्तीस वर्षांनंतर प्रथमच ते एका रात्रीपुरते आमच्या छताखाली आले होते. काडतुसे रेंजवरच कुलपात ठेवून आलो होतो. लोखंडी कपाटाची किल्ली सौ.ने आपल्या कमरेला लावली होती, आणि ती मी मागितली नव्हती. तिने स्वतः कपाट उघडले. पेटी तिने टेबलावर ठेवली. टेबल तेच आहे, वरचा फॉर्मायका बदलला आहे.

मी पेटी उघडली, खीळ दाबली, आणि झुकलेले रिव्हॉल्व्हर मुलाच्या हाती दिले. त्याने ते खिडकीकडे धरले. मी काही सांगणार होतो, पण त्याने आधीच एकेका घरावर बोट ठेवून मोजावयास सुरुवात केली होती. सहा झाल्यावर त्याने ते आईकडे वळवले. ती चष्मा सारखा करून पुढे वाकली, सहाही घरांतून तिने अंगणाकडे पाहिले.

"रिकामं आहे," ती म्हणाली.

अर्ज अजून भरलेला नाही. दोन्ही नमुने कपाटात आहेत, आणि किल्ली तिच्याकडेच.